गाणं लागलंय बे! जुन्या कार्टूनच्या सुरुवातीबद्दल आणि शेवटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात अशोक चौकाच्या पुढे आमचं घर आहे, घराला गच्ची आहे. महिन्यातल्या एका शनिवारी जेवणं उरकली की तिथे भिंतीला पांढरी चादर बांधून आम्ही जुनी कार्टून पाहतो. (सोलापुरी चादर नव्हे. तिच्यावर इतकी नक्षी असते की मोगली कुठे आणि मोर कुठे ते कळणार नाही.) पूर्ण कार्टून कधीच लावत नाही, फक्त सुरुवात आणि शेवट लावतो. नवा माणूस आला की तेच प्रश्न येतात. उत्तरं देऊन देऊन तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

फक्त सुरुवात आणि शेवट? मधलं कार्टून का नाही?

मधलं कुणाला आठवतच नाही, म्हणून. पहिल्या बैठकीत आम्ही ‘जंगल बुक’चा एक अख्खा भाग लावला होता. गाणं सुरू झालं तेव्हा गच्चीवरचे सगळे, त्यात एक बँकेतले साहेब आणि एक हाडांचे डॉक्टर, कंठ फुटल्यासारखे गात होते. गाणं संपलं, गोष्ट सुरू झाली आणि पाचव्या मिनिटाला निम्मे लोक मोबाइल बघायला लागले.

हिशोब साधा आहे. त्या मालिकेचे 52 भाग होते. प्रत्येक गोष्ट आपण एकदा पाहिली, तीही मध्येच आईने दळण आणायला पाठवलं नाही तर. गाणं मात्र 52 वेळा ऐकलं. पाढे कसे पाठ झाले, तसंच हे.

‘जंगल बुक’चं गाणं मूळ जपानी आहे, हे खरं का?

हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि दर महिन्याला त्यावर वाद होतो. मालिका जपानी, गाणं आपलं. निप्पॉन ॲनिमेशनने 1989 मध्ये ती जपानात आणली. जपानी सुरुवात वेगळी आहे, गाणं वेगळं, चालही वेगळी. 1993 मध्ये ती हिंदीत दूरदर्शनवर आली तेव्हा गुलजारांनी नवं गाणं लिहिलं आणि विशाल भारद्वाजांनी चाल दिली. भारद्वाजांचं नाव तेव्हा फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे बघा, मुंबईत जन्मलेल्या किपलिंगची 1894 ची गोष्ट जपान्यांनी चितारली आणि आपल्याकडे आल्यावर तिच्या शेरखानला आवाज मिळाला नाना पाटेकरांचा. एवढी वळणं घेऊन वाघ आमच्या गल्लीत आला.

जपानी सुरुवात आम्ही एकदा लावली होती. सगळे गप्प. एक जण म्हणाला, “हे कुणाचं लग्न आहे?” कुणाच्या तरी घरी चुकून शिरल्यासारखं वाटत होतं. चित्रं तीच, जंगल तेच, पण आपल्याला कुणी बोलावलंच नाही.

सुरुवातीच्या गाण्याचं काम तरी काय असतं? कार्टून सरळ सुरू केलं तर?

नाटकाला नांदी लागते, तमाशाला गण लागतो. मंडळी अजून जागा शोधत असतात, कुणी चपला काढत असतं. तोवर गोष्ट सुरू करायची नसते.

आमच्या गल्लीत हे काम अगदी शब्दशः होतं. टीव्ही तीन घरांत, पोरं वीस. दोन्ही बाजूंना यंत्रमाग. मागांची खटखट ज्यांनी ऐकली नसेल त्यांना सांगते, त्या आवाजात शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. तरी त्यातून गाण्याचे पहिले दोन सूर बरोब्बर कानावर यायचे आणि कुणीतरी ओरडायचं, “गाणं लागलंय बे, ये की!” गाणं साधारण एक मिनिटाचं. कोपऱ्यावरच्या नळापासून आमच्या उंबऱ्यापर्यंत पळत यायला तेवढाच वेळ लागतो. मी मोजलेलं आहे, हातात भरलेली कळशी असतानासुद्धा.

त्याआधीचीही एक सुरुवात होती, दूरदर्शनची स्वतःची. दोन वळणं फिरत फिरत येऊन डोळ्यासारखं चिन्ह व्हायचं आणि ती सनईची धून. चिन्ह काढलं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकणाऱ्या देवाशिष भट्टाचार्य यांनी. धून पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची. आम्हा पोरांना मात्र ती धून ऐकली की पोटात गोळा यायचा, कारण ती बातम्यांच्या आधीही लागायची आणि बातम्या लागल्या की टीव्ही वडिलांचा.

सुरुवातीतली चित्रं एवढी सुंदर आणि आतलं कार्टून तुटक-तुटक, असं का?

पैसा. सिनेमाच्या फितीवर सेकंदाला 24 चौकटी असतात. हलणं गुळगुळीत दिसायचं तर सेकंदाला निदान 12 वेगळी चित्रं काढावी लागतात. थिएटरसाठी निघायची त्या कार्टूनना ते परवडायचं. टीव्हीला दर आठवड्याला नवा भाग हवा आणि पैसे थोडे. मग शरीर एकच ठेवायचं, फक्त तोंड आणि हात हलवायचे. मागचा डोंगर पुन्हा पुन्हा सरकवायचा. हॅना-बार्बेरा या अमेरिकन कंपनीच्या कार्टूनमधल्या कितीतरी पात्रांच्या गळ्यात टाय किंवा कॉलर दिसेल. जंगलात राहणाऱ्या योगी अस्वलालाही टाय! डोकं धडापासून सुटं काढून वेगळं हलवता यावं आणि जोड दिसू नये, हे त्याचं कारण.

सुरुवात मात्र एकदा काढली की वर्षभर चालते. म्हणून तिच्यावर खर्च करायला हात आखडत नाही. दुकानदार चादर दाखवताना घडी अशी घालतो की काठाची नक्षी वर येईल, तसंच.

चादरीवरून आठवलं. आमच्या शेजारी एक तेलुगू मामा होते, त्यांच्याकडे जॅकार्डचा माग होता. ‘ही-मॅन’मध्ये राजपुत्र तलवार वर करतो आणि विजा कडाडतात, ते दृश्य प्रत्येक भागात तेच यायचं. धावणं तेच, ठोसा तोच, फक्त कधी डावीकडून, कधी उजवीकडून. ‘ही-मॅन’ काढणारी फिल्मेशन ही कंपनी त्यासाठी प्रसिद्धच होती. आम्हाला ही फसवणूक वाटायची. मामांनी आम्हाला मागाजवळ नेलं. वर भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते एकमेकांना दोऱ्याने शिवून माळ केलेली. जिथे भोक असेल तिथे सुई आत शिरते, आकडा उचलला जातो, तो धागा वर येतो. पत्ता सरकला की पुढची ओळ. माळ संपली की पहिला पत्ता पुन्हा वर, मोराची मान पुन्हा सुरू. मामा म्हणाले, “पत्ते तेच असतात रे. तुम्ही चादर विकत घेता तेव्हा विचारता का, मोर परत का आला म्हणून?”

‘ही-मॅन’च्या शेवटी उपदेश का असायचा?

ही मालिका 1983 ची, पण खेळणी बाजारात त्याच्या आधी आली होती. म्हणजे सुरुवात ही एक प्रकारे दुकानाची काच. राजपुत्र स्वतःच सांगतो, हा मी, हा माझा भित्रा वाघ, हे माझं रहस्य, हे मला ठाऊक असलेले तीन जण. अर्ध्या मिनिटात सगळा कुटुंबकबिला उभा. मग वीस मिनिटं मारामारी. पालक कुरकुरणार, म्हणून शेवटी एखादं पात्र समोर येऊन गोड आवाजात सांगणार की खोटं बोलू नये, मोठ्यांचं ऐकावं.

माझ्या आजीला मात्र तो शेवटच आवडायचा. तिच्या मते तेवढंच कार्टून कामाचं.

तुमच्या मते सगळ्यात चांगली सुरुवात कोणती? आणि सगळ्यात चांगला शेवट?

दोन्हींचं उत्तर एकच, ‘द फ्लिन्टस्टोन्स’. यावर गच्चीवर मतभेद आहेत, पण चादर माझी आहे.

अमेरिकेत ही मालिका 30 सप्टेंबर 1960 ला सुरू झाली, तीही रात्रीच्या वेळी, मोठ्यांसाठी. आमच्याकडे ती केबलवर कार्टून नेटवर्कबरोबर आली. अश्मयुगातल्या या कुटुंबाचा कर्ता फ्रेड दगडाच्या खाणीत डायनासोरवर बसून काम करतोय. साहेब एका पक्ष्याची शेपटी ओढतो. पक्षी किंचाळतो, तोच भोंगा. सुट्टी झाली! फ्रेड आरोळी ठोकतो, डायनासोरच्या पाठीवरून शेपटीपर्यंत घसरत थेट गाडीत पडतो आणि घराकडे सुटतो.

माझे आजोबा गिरणीत होते. कुठली ते महत्त्वाचं नाही. बंद पडली तेव्हा सगळ्यांचीच पडत होती. सोलापूरच्या गिरण्यांचे भोंगे हे या गावाचं घड्याळ होतं. भोंग्यावर चूल पेटायची, भोंग्यावर पोरं शाळेत जायची. गिरणी बंद झाल्यावर आजोबा दुपारी बाजेवर पडून छताकडे बघत राहायचे. टीव्हीकडे पाठ. एके दिवशी आम्ही फ्लिन्टस्टोन्स लावलं होतं. पक्ष्याची शेपटी ओढली गेली, तो ओरडला आणि आजोबा वळून बसले. फ्रेड घसरत गाडीत पडला तसे म्हणाले, “सुटला बघ. पहिल्या पाळीचा आहे.”

त्यानंतर ते रोज त्या वेळेला वळून बसायचे. गाणं संपलं की पुन्हा पाठ. गोष्ट एकदाही पाहिली नाही. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, पण भोंगा वाजल्यावर माणूस घराकडे कसा पळतो हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता शेवट. सुरुवातीला फ्रेड घरच्यांना आणि शेजाऱ्यांना गाडीत घालून उघड्यावरच्या सिनेमाला नेतो. शेवटाला तीच गाडी सिनेमाहून परत निघते. म्हणजे सुरुवात आणि शेवट मिळून एकच संध्याकाळ, आणि अख्खी गोष्ट मध्ये सिनेमासारखी बसलेली. हे मला चाळिशीला आल्यावर गच्चीवर कळलं. घरी येऊन दिवा मालवायचा, सुळेवाल्या मांजराला रात्रीपुरतं बाहेर ठेवायचं. मांजर खिडकीतून आत येतं, फ्रेडलाच उचलून बाहेर ठेवतं आणि दार लावून घेतं. मग फ्रेड दार बडवत बायकोच्या नावाने ओरडतो आणि शेजारच्या घरांत दिवे लागतात.

रात्रपाळीहून येणाऱ्या माणसाने दार वाजवणं आणि आतल्यांनी झोपेत न ऐकणं, हा आमच्या चाळीत रोजचा कार्यक्रम होता. आजी तो शेवट बघून पदर तोंडाला लावून हसायची. आजोबा हसायचे नाहीत.

‘द जेट्सन्स’चा शेवटही तसाच आहे ना?

हो, त्याच हॅना-बार्बेरा कंपनीचा, 1962 चा. त्यातला घरधनी जॉर्ज कुत्र्याला घेऊन सरकत्या पट्ट्यावर फिरायला जातो, मांजर येतं, पट्टा सुसाट सुटतो आणि तो बायकोला हाका मारतो, हे यंत्र थांबव म्हणून. एकाला घरात घेत नाहीत, दुसऱ्याला यंत्र सोडत नाही. दोघांची संगीतरचना हॉयट कर्टिन यांची.

फ्रेड क्विंबी हा कोण माणूस?

‘टॉम अँड जेरी’च्या सुरुवातीला सिंहाची डरकाळी, मग नावं, आणि त्यात हे नाव मोठ्या अक्षरात. इंग्रजी वाचायला आम्ही त्याच्यावरच शिकलो म्हणा ना. आमच्यातल्या एकाची पक्की समजूत होती की हे बोक्याचं पूर्ण नाव आहे.

क्विंबी निर्माते होते. चित्रं त्यांनी काढलेली नाहीत. ती जोडी विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांची आणि संगीत स्कॉट ब्रॅडलींचं. 1940 ते 1958 या काळात त्यांचे 114 लघुपट आले आणि त्यांतल्या सातांना ऑस्कर मिळालं. बाहुली घ्यायला मंचावर निर्माता जायचा. नावाचा आकार आणि कामाचा आकार यांचा संबंध नसतो, हे आपल्याकडच्या लग्नपत्रिकेवरूनही कळतं.

ही कार्टून थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायची होती. म्हणून दर सात मिनिटांनी पुन्हा सिंह, पुन्हा नावं आणि पुन्हा ‘द एंड’. लूनी ट्यून्सचंही तसंच. रंगीत वर्तुळं, 1937 च्या एका गाण्याची चाल आणि शेवटी तोतरं डुक्कर ‘बस, एवढंच’ म्हणून निरोप घेणार.

एखादं पात्र सुरुवातीमुळेच जन्माला आलं, असं झालंय का?

झालंय, पिंक पँथर. 1963 च्या सिनेमात ‘पिंक पँथर’ हे एका हिऱ्याचं नाव होतं. श्रेयनामावलीत काहीतरी गंमत हवी म्हणून गुलाबी बिबट्या काढला आणि हेन्री मॅन्सिनींच्या सुरावर त्याला चालवलं. लोकांना तोच आवडला. 1964 मध्ये त्याचा स्वतःचा पहिला लघुपट आला आणि त्याला ऑस्करही मिळालं. वऱ्हाडात वाजवायला आणलेला माणूस नवरदेव होऊन बसला.

इंग्रजी येत नव्हतं, मग गाणी कशी म्हणत होता?

बिनधास्त. आमच्या गल्लीत घरात तेलुगू, दुकानात कन्नड, शाळेत मराठी आणि भांडताना जी आधी आठवेल ती. त्यात इंग्रजीची भर पडली म्हणून काय बिघडलं? ‘स्कूबी-डू’च्या सुरुवातीला ‘व्हेअर आर यू’ असं आहे हे मला कॉलेजात कळलं. तोपर्यंत आम्ही सगळे ‘विहीर आलू’ म्हणत होतो आणि त्याचा अर्थ, विहिरीत बटाटा पडला, असा ठरलेला होता. भूत विहिरीत असतं, त्यामुळे संशय यायचं कारण नव्हतं. गच्चीवर आजही तसंच म्हणतात. सुधारायचा प्रयत्न करू नये.

संध्याकाळी कार्टून चालू असताना एकदम जुने सिनेमे का लागायचे?

1995 मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं तेव्हा एकाच वाहिनीवर दोघांचा संसार होता. दिवसा कार्टून, नंतर टीएनटी या दुसऱ्या वाहिनीचे जुने हॉलिवूड सिनेमे. घोडे, टोप्या आणि चुंबनं. चुंबन आलं की आईचा हात थेट बटणावर.

मग शेवट लक्षात का नाहीत? सुरुवाती तर सगळ्या पाठ आहेत.

हा खरा प्रश्न, आणि तो फार कमी जण विचारतात.

थोडं कारण वाहिन्यांचं. श्रेयनामावली लागली की तिला चेपून कोपऱ्यात टाकायचं आणि बाजूला पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात. आता तर मोबाइलवर नावं सुरू व्हायच्या आत पुढचा भाग लागतो.

आमच्याकडे आणखी एक कारण होतं, वीज. ती गेली की आधी कळायचं ते टीव्हीमुळे नव्हे. सगळ्या गल्लीतली खटखट एका झटक्यात थांबायची. इतकी शांतता की पंख्याचं पातं थांबताना ऐकू यावं. पडद्यावर मधोमध एक पांढरा ठिपका राहायचा, तोही विझायचा. मोगली झाडावरून उडी मारून हवेतच. मग आम्ही पोरं अंधारात बसून शेवट स्वतःच रचायचो. प्रत्येकाचा वेगळा. माझ्या शेवटात शेरखान नेहमी वाचायचा, कारण नानांचा आवाज मरू द्यायला मन होत नसे.

मैफलीला भैरवी हवी. भैरवी झाली की लोक उठतात, चपला शोधतात, कुणाला वाईट वाटत नाही. आमच्या बालपणी भैरव्या फार थोड्या झाल्या. म्हणून गच्चीवर शेवट जरा जास्तच वेळ लावतो. नावं अगदी शेवटपर्यंत जाऊ देतो, एकही वाचता येत नसलं तरी.

मराठीत असं काही नव्हतं का?

रोज लागणारी मराठी कार्टून मालिका आमच्या वाट्याला आली नाही, ही खंत आहेच. पण ‘एक अनेक और एकता’ हा 1974 चा छोटा चित्रपट आठवा. त्यामागे विजया मुळे होत्या, दिग्दर्शन भीमसेन यांचं आणि संगीत वसंत देसाई यांचं. भाषा हिंदी, पण दोन मराठी नावं त्यात आहेत. तो मालिकेचा भाग नव्हता, अध्येमध्ये कधीही लागायचा, त्यामुळे त्याला सुरुवातही नव्हती आणि शेवटही. चिमण्या आल्या की आल्या.

मुलांना आणावं का?

आणा. माझा मुलगा पहिल्या वेळी म्हणाला, “आई, हे स्किप कर ना.” त्याला चादरीच्या मागे उभं केलं, उलटी चित्रं बघायला. आता तो तिथून हलत नाही.

येताना काय आणायचं?

बसायला सतरंजी. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी कुणीतरी आणतंच, तरी आणा. तेल घालून आणू नका, चादरीला डाग पडतात. एप्रिल-मेमध्ये गच्ची रात्री नऊपर्यंत तापलेली असते, अनवाणी चालू नका.

सगळ्यात शेवटी काय लावता?

फ्रेड आणि मांजर. दार बडवणं सुरू झालं की आवाज कमी करते. खालच्या घरात पहाटेच्या पाळीचे लोक झोपलेले असतात आणि मागे एकदा ते खरंच उठून दार उघडायला आले होते.